संत कोस्मासची प्रभावळ

त्या सकाळी लेओन देवळातून बाहेर आला तो हातात ओला कुंचला तसाच धरून, आणि म्हणाला, "अर्गिरी, कोणीतरी कोस्मासचं डोकं खाल्लंय."

मला हसू आलं. माझा नवरा मोनेम्वासियाचा, बंदरावर वाढलेला. आमच्या या मानीच्या खडकाळ मुलखात त्याला सारखं काहीतरी आक्रीत दिसायचं. कधी आमच्या बायका त्याला घाबरवायच्या, कधी बोकड. "बोकडानं चाटली असेल भिंत," मी म्हटलं, "चुना आवडतो मेल्यांना." आणि मी रंग वाटायचा दगड धुवायला घेतला.

"बोकडाला चमचा धरता येतो का?" तो म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज असा काही निघाला, की मी हातातलं टाकून उठले.

देऊळ माझ्या माहेरच्या गावातलंच. जुनं भूकंपात पडलं, म्हणून गावातल्या बुरुजाचा धनी नोमिकोस याने त्याच जागी नवं बांधलं होतं. चार बाजूंना चार कमानी, मधोमध घुमट, आणि भिंतीत दगडांच्या भोवती विटांच्या ओळी. आत गेल्यावर मान वर केली, की घुमटातून ख्रिस्त बघत असतो, आणि तुम्ही कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. लेओनने रंगवायला सुरुवात तिथूनच केली होती. ओला गिलावा खालच्या चित्रावर गळू नये म्हणून रंगाऱ्याला वरूनच खाली यावं लागतं; पण लेओन म्हणायचा, देवाघरचा क्रमही तसाच आहे. घुमटात ख्रिस्त, त्याखाली खिडक्यांच्या मधोमध संदेष्टे, घुमट पेलणाऱ्या चार कोपऱ्यांत शुभवर्तमान लिहिणारे चौघे, वेदीमागच्या गोलाव्यात हात उंचावलेली मरियामाता, कमानींवर जन्म, बाप्तिस्मा, क्रूस. आणि सगळ्यात खाली, जमिनीला पाय टेकून उभे संत. "संत आपल्या उंचीवरच हवेत," तो म्हणायचा, "माणसाला भेटता आलं पाहिजे." माणसं भेटतातही. ओठ टेकतात, गाल लावतात, शेजाऱ्याच्या तक्रारी सांगतात. आमच्याकडे आणखी एक गोष्ट करतात, ती त्याला ठाऊक नव्हती.

उत्तरेच्या भिंतीवर कोस्मास आणि दामियान उभे होते. दोघे भाऊ, दोघे वैद्य, औषधाचे पैसे न घेणारे. हातात औषधाची पेटी आणि लांब दांड्याचा चमचा. देऊळ त्यांच्याच नावाचं. कोस्मासचा चेहरा हा लेओनने आजवर केलेला सगळ्यात चांगला चेहरा होता, आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मी त्याला सहसा बरं म्हणत नाही. पहिला हात हिरवा दिला होता, तेव्हा माझी आई म्हणाली होती, "जावईबापू, आधी यालाच वैद्य बोलवा." मग त्या हिरव्यावर पिवळी माती चढली, मग गुलाबी, शेवटी डोळ्यांखाली बारीक पांढऱ्या रेघा, आणि हिरवं फक्त सावलीपुरतं उरलं. मोठे शांत डोळे होते. त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझं तोंडसुद्धा बंद व्हायचं.

चेहऱ्याला काही झालं नव्हतं. डोक्यामागची प्रभावळ खरवडलेली होती. उजव्या कानाच्या बाजूने, बाईचा हात पोचेल तेवढीच, चमच्याच्या कडेने, सावकाश आणि नीट, खालचा पांढरा गिलावा दिसेपर्यंत. जमिनीवर कणसुद्धा सांडला नव्हता. खरवडणाऱ्याने खाली फडकं धरलं असणार.

"सोनं समजून नेलं," लेओन म्हणाला. "काय मूर्ख चोर असतील."

मला तोवर कळलं होतं.

आमच्या जुन्या देवळात एकाही संताला डोळे नव्हते. ते कोणा शत्रूने फोडले नव्हते. आमच्या आज्या-पणज्यांनी पिऊन टाकले होते. पोर तापलं, बाळंतीण अडली, की संताची भिंत खरवडायची, चिमूटभर पाण्यात नाहीतर वाइनमध्ये कालवायची आणि पाजायची. संत एकदा पोटात गेला, की पुढचं तो बघून घेतो. लहानपणी मीही एका संताचा डावा डोळा प्यायलेय आणि बरी झालेय. चुना आणि माती, त्याने कोणाचं काय बिघडणार. फक्त नव्या भिंतीला बिशप येऊन पवित्र तेल लावून जाईपर्यंत कोणी हात लावत नाही, आणि बिशप यायचा होता संतांच्या सणाला. सण अजून लांब होता, म्हणून मी निश्चिंत होते.

पण ती प्रभावळ चुन्यामातीची नव्हती. ती हरताळाची होती, उंदीर मारायला ठेवतात त्या पिवळ्या दगडाची. नोमिकोसने मोठ्या शहरात सोन्याच्या तुकड्यांनी मढवलेली देवळं पाहिली होती आणि त्याला अगदी तस्संच हवं होतं, सोनं सोडून. "चमकलं पाहिजे, लेओन," तो म्हणायचा. "दिवा लागला की चमकलं पाहिजे." पिवळी माती चमकत नाही, हरताळ चमकतो. ओल्या चुन्यात तो बिघडतो, म्हणून भिंत वाळल्यावर अंड्याच्या बलकात कालवून वरून लावायचा, आणि म्हणूनच तो नखानेसुद्धा सुटतो. वाटायचं काम माझं. नाकातोंडाला फडकं बांधायचं आणि कोंबड्या कोंडून ठेवायच्या. एकदा एक सुटली, दगडाभोवती टोचत हिंडली, आणि दिवस मावळायच्या आत तंगड्या ताणून पडली. इकडे नोमिकोसने गावभर सांगितलं, की माझ्या संतांना मी सोनं घातलंय. लेओनने ते खोडून काढलं नाही. रंगाऱ्याला पुढच्या देवळाचाही विचार करावा लागतो.

"चोरानं नाही नेलं," मी त्याला म्हटलं. "हे कोणाला तरी पाजलंय."

त्याला समजेना. आमची रीत मी त्याला सांगितली, तसा तो भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

"पाजलंय म्हणजे? पोटात?"

"मग काय कानात घालतात?"

"कोणाला, अर्गिरी?"

तेच मी आठवत होते. गावात आजारी कोण? म्हातारी वासिलो, पण ती मला कळायला लागल्यापासून आजारीच आहे आणि आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाईल. मग एकदम ध्यानात आलं, की माझी धाकटी बहीण पोथिती बरेच दिवस टाक्यावर पाण्याला आलेली नाही. मी पळत सुटले.

पोथितीची आधीची पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून या मुलाचं नाव तिने स्तामातिस, म्हणजे 'थांब', असं ठेवलं. मरणाने आता तरी थांबावं म्हणून आमच्याकडे हे नाव ठेवतात. तो थांबला, चालायला लागला, मला 'मावशी' म्हणता येईना म्हणून 'माशी' म्हणायला लागला. पोथिती त्याला जमिनीवर ठेवायची नाही. मी म्हणायचे, "अगं, पाय आहेत त्याला." ती म्हणायची, "असू देत."

दारातच उलटीचा वास आला. स्तामातिस तिच्या मांडीवर होता. डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले, आणि मला बघूनसुद्धा तो हसला नाही. आमची आई चुलीपाशी बसून वाटीत काहीतरी ढवळत होती.

"ये गं," आई म्हणाली. "बरं झालं आलीस. ताप उतरला बघ त्याचा."

"मग हे काय चाललंय?"

"पोट साफ होतंय. आतलं वाईट बाहेर पडतंय. पहिला चमचा गेला तेव्हापासूनच पडायला लागलं. इतकं जागृत आहे ते सोनं."

वाटीत खाली पिवळा गाळ होता. माझ्या हातचा रंग मी कुठेही ओळखते. मी वाटी उचलली आणि दारातून बाहेर फेकली. आईने उठून माझ्या थोबाडीत मारली. लग्न झाल्यापासून तिने मला हात लावला नव्हता.

"संताला भिरकावतेस?"

"ते सोनं नाही, आई. हरताळ आहे. उंदराचं औषध."

आईने चमचा उचलून निरखला. पोथितीने मात्र मान वर केली नाही. पोराच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "ताई, तुझं नेहमीचंच आहे. माझ्या पोराला सोनं मिळालं, ते तुला बघवत नाही. स्वतःची कूस उजवली असती, तर तूही भिंत खरवडली असतीस."

हे तिने याआधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला लागलं, पण लागून घ्यायला वेळ नव्हता. "बरं, मी वांझ," मी म्हटलं. "पण याला बकरीचं दूध दे. राहील तेवढं दे. आणि त्या भिंतीला पुन्हा हात लावू नकोस."

"लावणार," ती म्हणाली. "भावोजींनी संताच्या डोक्याला विष लावलं, असं म्हणतेस ना? मग जा, पाद्रीबाबांसमोर म्हण. चारचौघांत म्हण."

मी तेच करायला निघाले. देवळाच्या दारात लेओनने मला अडवलं. आत माणसं जमलेली होती. स्तामातिसचा ताप उतरल्याची बातमी आईनेच सकाळी टाक्यावर सांगितली होती, आणि बायका घरी जाऊन चमचे घेऊन आल्या होत्या. कोणाचा नवरा खोकत होता, कोणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, वासिलो तर नातवाच्या पाठीवर बसून आली होती. पाद्रीबाबा किरियाकोस नांगर सोडून तसेच आले होते, पायाला माती. सणाच्या आधी भिंतीला हात लावायचा की नाही, यावर वाद चालू होता, आणि बायका जिंकत होत्या.

"सोनं नाही, एवढंच सांग," लेओन माझ्या कानाशी म्हणाला. "विषाचं नाव काढू नकोस. हे लोक मला कड्यावरून ढकलतील गं."

"ढकलतील तेव्हा मीही येईन बरोबर," मी म्हटलं. "पण सांगायचं तुम्हीच. माझं कोण ऐकतंय? मी भांडकुदळ."

तो किती घाबरला होता ते मला दिसत होतं. मला वाटलं, आता हा काहीतरी गुळमुळीत बोलेल. पण तो आत गेला, कोस्माससमोर उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "हे सोनं नाही. हरताळ आहे. मी लावलाय. कोणी खाल्लं तर मरेल."

मग मागून नोमिकोस म्हणाला, "आणि माझा कमरपट्टा?"

भिंतीवर संतांच्या पायाशी, चित्रातला वीतभर उंचीचा नोमिकोस हातात देवळाची छोटी प्रतिकृती घेऊन वाकलेला होता. त्याचं नाक लेओनने मुद्दाम लहान केलं होतं. पट्टा पिवळाधमक होता.

"तोही," लेओन म्हणाला.

"मला उंदराचं औषध लावलंस?"

त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण दारातून पोथितीचा आवाज आला. ती मुलाला कडेवर घेऊन माझ्यामागोमाग आली होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"असेल हरताळ," ती म्हणाली. "डब्यात होता तोवर असेल. संताच्या डोक्याला लागल्यावर तो हरताळ राहतो का? पाद्रीबाबा, तुम्ही रविवारी जी भाकर हातात घेता, ती तुमच्या बायकोनं चुलीवर भाजली तेव्हा भाकरच असते ना? मग वेदीवर गेल्यावर आम्ही तिला भाकर म्हणतो का, की ख्रिस्ताचं अंग?"

पाद्रीबाबा म्हणजे भला माणूस, कोणाला दुखवायचा नाही. त्यांनी कोस्मासकडे पाहिलं, पोथितीकडे पाहिलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तसं बघितलं तर..."

तेवढ्यानेच घात झाला. पुढचं त्यांना सुचत नव्हतं, पण बायकांना पुढचं नकोच होतं. चमचे घेऊन त्या सरकल्या. मला विश्वास बसेना. आम्ही खरं सांगितलं होतं, जीव मुठीत धरून सांगितलं होतं, त्यांनी ते ऐकलंही होतं, आणि तरी त्या पुढे येत होत्या. माझ्या बालपणीच्या मैत्रिणी होत्या त्यात. उंदराचं औषध ज्या स्वतः फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवतात, अशा बायका.

लेओनने गिलावा लावायची लोखंडी करणी उचलली आणि कोस्मासच्या डोक्यामागे घातली. एका दमात ओढली. मला वाटलं, मी ओरडले, पण ओरडली दुसरीच कोणीतरी. तो खरवडतच राहिला. प्रभावळ गेली, कानाची कड गेली, कपाळाचा तुकडा निघाला. मग दामियान. मग गुडघ्यावर बसून त्याने नोमिकोसचा पट्टाही काढला. पिवळा भुगा खाली पडत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ज्या माणसाने एका पापणीसाठी तीनदा गिलावा काढून पुन्हा चढवला होता, त्याला असं करताना बघणं मला सहन होईना.

बायका थबकल्या. मला वाटलं, आता कळलं यांना. आणि तेवढ्यात म्हातारी वासिलो नातवाच्या पाठीवरून खाली उतरली, डोक्याचा रुमाल सोडला, आणि जमिनीवरचा भुगा त्यात भरायला लागली. मग सगळ्याच वाकल्या. एवढं सोनं एकदम कोणाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

चुन्याची बादली कोपऱ्यात होती. ती कोणी उचलली, लेओनने की मी, ते आता आम्ही दोघंही वेगवेगळं सांगतो. ओला चुना जमिनीवर पसरला, रुमालांवर, हातांवर, वासिलोच्या पायांवर. भुगा चुन्यात गेला आणि पांढरा चिखल तेवढा उरला. बायका शिव्या देत, हात झटकत टाक्याकडे पळाल्या. नोमिकोसने लेओनच्या तोंडावर थुंकून सांगितलं, की तू पुन्हा या भिंतीला हात लावलास तर तोडीन. पाद्रीबाबा वेदीसमोर गुडघे टेकून बसले ते उठेचनात.

पोथितीही वाकली होती, पण ती पळाली नव्हती. तिची डावी मूठ आवळलेली होती, आणि बोटांच्या फटीतून पिवळं दिसत होतं.

मी तिचं मनगट धरलं. "सोड."

"जा तू."

"पोथिती, सोड ते. प्रत्येक चमच्यानंतर तो ओकलाय. आईनं नसेल बघितलं, तू बघितलंयस."

"गप बस, ताई."

"तू त्याच्याजवळच होतीस. तुला दिसलंय."

"गप बस म्हणते ना," ती म्हणाली. "तू म्हणतेस ते खरं असेल, तर मग मी माझ्या हातानं त्याला काय पाजत होते?"

तेव्हा मला कळलं. तिचा आमच्यावर विश्वास नव्हता असं नाहीच. मी वाटी फेकली तेव्हाच तिचा विश्वास बसला होता. भाकरीचं, वेदीचं, माझ्या वांझपणाचं, ते सगळं ती या एका प्रश्नापासून पळताना बोलत होती, आणि आता पळायला जागा उरली नव्हती. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुझी चूक नाही, म्हणायला हवं होतं. गावात माझ्या जिभेला घाबरत नाही असा माणूस नाही, आणि त्या वेळी मला एक शब्द सापडला नाही.

तिची मूठ आपोआपच सुटली. मी माझ्या झग्याने तिचा तळवा पुसला, एकेक बोट पुसलं, नखांच्या आतलं काडीने काढलं. ती मला करू देत होती, जणू तो हात तिचा नव्हताच. मग तिने स्तामातिसला माझ्याकडे दिला. तो इतका हलका झाला होता, की मी दचकले.

तो जगला. बकरीचं दूध मीच चमच्याने घालत होते. आधी राहायचं नाही, मग थोडं राहायला लागलं. त्याचे केस गळले आणि पुन्हा आले. गावात म्हणतात, कोस्मासने वाचवलं. म्हणोत बापडे. लेओनला पुन्हा कोणी देऊळ रंगवायला दिलं नाही; तो आता माझ्या वडिलांच्या ऑलिव्हच्या झाडांची छाटणी करतो आणि वाईट करतो. आम्ही पोथितीच्या शेजारीच राहतो.

ती सगळं करते. जवाची भाकर भाजते, शेंगा शिजवते, डुकराचं मीठ लावलेलं मांस त्याच्यासाठी राखून ठेवते. पण स्तामातिसला तिने त्या दिवसापासून स्वतःच्या हाताने काही भरवलं नाही. तो लहान होता तेव्हा ताट वाढून दोन घरांमधल्या बांधावर ठेवायची आणि हाक मारायची, "ताई, त्याला भरव." मी भरवायचे. आता त्याला मिशा फुटल्यात, त्याला कोणी भरवायची गरज नाही, तरी ताट बांधावरच येतं, आणि मी ते त्याच्यापुढे सरकवेपर्यंत ती तिकडे बघत नाही.

त्याला यातलं काही आठवत नाही, आणि आम्ही कोणी सांगितलेलं नाही. काल जेवताना तो सहज म्हणाला, "आई, एक घास तुझ्या हातचा दे की." पोथितीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ती घरात निघून गेली.